नळदुर्गच्या वाटेने गेलेला सेनानी

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात गावोगावी मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजवंदन होते. हुतात्मा स्मारकांवर फुले वाहिली जातात, स्वामी रामानंद तीर्थांचे स्मरण होते आणि रझाकारांच्या जुलमाच्या कथा पुन्हा एकदा सांगितल्या जातात. हे सारे उचितच आहे. तथापि ज्या पाच दिवसांच्या लष्करी मोहिमेने निजामी राजवटीचा शेवट केला, ती कोणत्या वाटेने आली, तिची पहिली चकमक कोठे झडली, तिचा सेनापती कोण होता आणि पुढे त्याच्या हातून काय घडले, यासंबंधी त्या दिवशीच्या भाषणांत सहसा चार वाक्येही ऐकू येत नाहीत.

धाराशिव जिल्ह्यात ही उणीव विशेष खटकते. सैन्यभरतीच्या आशेने पहाटे धावण्याचा सराव करणारी मुले या जिल्ह्याच्या कोणत्याही रस्त्यावर दिसतात. प्रतापगड आणि पानिपत त्यांना ठाऊक असते. नळदुर्गच्या किल्ल्यात सहलीला गेलेल्या विद्यार्थ्याला आदिलशाहीतील पाणीमहाल आणि नर-मादी धबधबे ठाऊक असतात. परंतु त्याच किल्ल्याजवळ, त्याच बोरी नदीच्या पुलावर, १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय सेनेने हैदराबाद मोहिमेतील पहिली लढाई जिंकली, ही गोष्ट त्यांच्यापैकी कितीजणांच्या कानावर गेली असेल? तीनशे वर्षांपूर्वीचा पराक्रम मुखोद्गत आणि आजोबांच्या काळातील युद्ध अज्ञात, अशी ही विचित्र स्थिती आहे. पलटणीत दाखल झाल्यावरही ती फारशी बदलत नाही. पलटणीचा ध्वज, तिचे जयघोष, तिने मिळवलेले रणसन्मान आणि तिच्यातील वीरांची नावे नव्या जवानाला शिकवली जातात. पण अलीकडची युद्धे कशी लढली गेली, कोठे चुकली आणि का चुकली, हा अधिकाऱ्यांच्या बढतीच्या परीक्षांचा विषय मानला जातो, शिपायाचा नव्हे.

ही उणीव कशी निर्माण झाली हे समजून घ्यायचे, तर नळदुर्गच्या वाटेने हैदराबादला गेलेल्या सेनापतीचेच चरित्र पाहावे. जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या आयुष्यात हैदराबाद, गोवा, चीनशी झालेल्या युद्धानंतरची चौकशी आणि १९६५ चे युद्ध असे चार मोठे प्रसंग आले. या प्रत्येक प्रसंगाचा इतिहास घडला तेव्हा ते हजर होते. आणि त्यांपैकी बहुतेकांचा इतिहास त्यांच्या हयातीत देशापुढे पुरतेपणी आला नाही.

घराणे आणि घडण

चौधरींचा जन्म १० जून १९०८ चा, बंगालमधील एका सुविद्य घराण्यातला. राष्ट्रीय सभेचे पहिले अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी हे त्यांच्या आईचे वडील, तर बंगाली गद्याला नवे वळण लावणारे प्रमथ चौधरी हे त्यांचे चुलते. वकिली आणि वाङ्मय यांचा वारसा असलेल्या या घरातील मुलाने तलवार हाती घ्यावी, हे त्या काळी नवलच होते. इंग्लंडमधील हायगेट शाळेत आणि पुढे सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. त्यांच्या मिशीमुळे त्यांना पडलेले ‘मुच्छू’ हे टोपणनाव पुढे सरसेनापतिपदापर्यंत त्यांच्याबरोबर राहिले.

१९२८ साली त्यांना अधिकारपद मिळाले. त्या काळी हिंदी अधिकाऱ्यांना सर्व पलटणींचे दरवाजे खुले नव्हते. निवडक पलटणींतच त्यांची नेमणूक होत असे. अशा पलटणींपैकी सातव्या लाइट कॅव्हलरीत, म्हणजे घोडदळात, चौधरी दाखल झाले. पुढे घोडी गेली आणि त्यांच्या जागी रणगाडे व चिलखती गाड्या आल्या. हा बदल त्यांनी पुस्तकात वाचला नाही, अनुभवला. दुसऱ्या महायुद्धात पाचव्या हिंदी डिव्हिजनबरोबर सुदान, एरिट्रिया, अॅबिसिनिया आणि आफ्रिकेचे पश्चिमेकडील वाळवंट येथील लढाया त्यांनी पाहिल्या. क्वेट्ट्याच्या स्टाफ कॉलेजात त्यांनी काही काळ अध्यापन केले आणि नंतर ब्रह्मदेशाच्या रणभूमीवर सोळाव्या लाइट कॅव्हलरीचे नेतृत्व केले. युद्धानंतर मलायातील लष्करी प्रशासनाचा अनुभवही त्यांच्या गाठी जमा झाला. लढणे, शिकवणे आणि कारभार पाहणे या तिन्ही गोष्टी चाळिशीच्या आत करून झालेला हा अधिकारी होता. मे १९४८ मध्ये पहिल्या चिलखती डिव्हिजनची सूत्रे त्यांच्याकडे आली.

पुलाची लढाई

भारताबरोबर ‘जैसे थे’ करार करून वर्ष होत आले तरी हैदराबादचा निजाम विलीनीकरणास राजी नव्हता. लातूरला वकिली केलेला कासीम रझवी रझाकारांचा सर्वेसर्वा होऊन बसला होता. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. खेड्यापाड्यांतून लूट, जाळपोळ आणि खून यांनी लोक हैराण झाले होते आणि असंख्य कुटुंबे सरहद्द ओलांडून सोलापूर, बार्शीकडे आश्रयाला गेली होती. अखेर सप्टेंबरात दिल्लीने निर्णय घेतला. दक्षिण विभागाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल राजेंद्रसिंहजी यांच्या देखरेखीखाली मुख्य चढाई पश्चिमेकडून, सोलापूरहून करायची आणि तिचे नेतृत्व मेजर जनरल चौधरी यांनी करायचे, असे ठरले.

सोलापूरच का? सोलापूरपर्यंत रेल्वेने रणगाडे, दारूगोळा आणि तेल आणता येत होते. तेथून हैदराबादपर्यंत सुमारे ३०० किलोमीटरचा सरळ रस्ता होता. पण दिवस भाद्रपदाचे होते. नद्यांना पाणी होते आणि दोन्ही अंगांची काळी जमीन चिखलाने भरलेली होती. अशा जमिनीत रणगाडा रस्ता सोडू शकत नाही आणि पूल तुटला तर नदी ओलांडू शकत नाही. म्हणून साऱ्या मोहिमेची किल्ली नळदुर्गजवळील बोरी नदीच्या पुलात होती. तो उद्ध्वस्त झाला असता, तर चौधरींची डिव्हिजन सरहद्दीपासून काही कोसांवरच अडकून पडली असती.

१३ सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमारास सैन्याने सरहद्द ओलांडली. सातव्या ब्रिगेडने वेग आणि अनपेक्षितपणा यांच्या बळावर पूल शाबूत ताब्यात घेतला आणि दुसऱ्या शीख पलटणीने नळदुर्ग येथील हैदराबादी पायदळाच्या ठाण्यांवर हल्ला चढवला. सकाळी नऊच्या सुमारास चिलखती तुकडी जळकोटला पोहोचली होती आणि दुपारी उमरगा हाती आले. दुसऱ्या एका तुकडीने पहाटेच तुळजापूर गाठले. तेथे सुमारे दोन तास प्रतिकार झाला. तीच तुकडी पुढे लोहाऱ्याकडे निघाली तेव्हा नदीच्या पुराने तिला अडवले. नळदुर्गचा पूल मिळाला नसता तर काय झाले असते, हे त्याच दिवशी लोहाऱ्याच्या वाटेवर दिसून आले. दुसऱ्या दिवशी उस्मानाबाद शहर सैन्याच्या ताब्यात आले. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली आणि १८ तारखेला त्याचे सेनापती एल इद्रूस यांनी चौधरींपुढे शस्त्रे खाली ठेवली. सुमारे १०८ तासांत मोहीम संपली.

नळदुर्गच्या लढाईत दुसऱ्या शीख पलटणीचे हवालदार बचित्तर सिंग यांना वीरमरण आले. पहाटे समोरून येणारी वाहने त्यांनी गोळीबार करून ताब्यात घेतली. पुढे शत्रूच्या मोर्चावर चाल करताना मशीनगनच्या गोळ्यांनी मांडी जायबंदी झाली असतानाही ते सरपटत पुढे गेले आणि हातबाँब फेकून ती मशीनगन त्यांनी बंद पाडली. मागे नेण्यास नकार देऊन ते सहकाऱ्यांना धीर देत राहिले. पुढे अशोकचक्र हा सन्मान निर्माण झाला तेव्हा तो प्रथम मिळालेल्या मानकऱ्यांत त्यांचे नाव होते. अशोकचक्र हे रणांगणावरील शत्रूसमोर दाखवलेल्या शौर्यासाठी नसते; त्यासाठी परमवीरचक्र आहे. हैदराबादची कारवाई हे युद्ध नव्हे, देशांतर्गत बंदोबस्त आहे अशी सरकारची भूमिका होती. म्हणूनच रणगाडे, तोफा आणि विमाने वापरलेल्या या मोहिमेला ‘पोलीस अॅक्शन’ हे नाव मिळाले आणि मराठवाड्याच्या बोलीत ते कायमचे रुजले. एका शब्दाने लढाईचे स्वरूप झाकले गेले. पोलीस कारवाई म्हटल्यावर तिचा अभ्यास करण्याची गरज सैनिकाला वाटणार कशी? या मोहिमेचा अधिकृत इतिहास संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने प्रसिद्ध केला तो १९७२ साली, म्हणजे २४ वर्षांनी.

लष्करी गव्हर्नर

मोहीम संपताच चौधरी हैदराबादचे लष्करी गव्हर्नर झाले आणि १९४९ च्या अखेरपर्यंत त्या पदावर राहिले. या काळाची जमेची बाजू मोठी आहे. निजामाची खासगी मालमत्ता असलेला ‘सर्फ-ए-खास’ मुलूख १९४९ मध्ये सरकारी मुलखात विलीन करण्यात आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जहागिरी नष्ट करणारा कायदा झाला. पिढ्यान्‌पिढ्या जहागीरदाराच्या कारभाऱ्याकडे सारा भरणारा शेतकरी सरकारशी थेट जोडला गेला. मराठवाड्याच्या शेतीच्या अर्थव्यवस्थेत त्या शतकात झालेल्या मूलगामी बदलांपैकी हा एक होता आणि त्यावर एका सेनापतीच्या राजवटीची मुद्रा आहे.

परंतु याच काळाची दुसरी बाजूही आहे आणि ती सांगितल्याशिवाय चरित्र पुरे होत नाही. सैन्य पुढे सरकत गेले तसतसा मागे अनेक खेड्यांत सूडाचा भडका उडाला. रझाकारांनी केलेल्या पापाची शिक्षा त्यांच्याशी काडीचाही संबंध नसलेल्या मुसलमान शेजाऱ्यांना भोगावी लागली. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या अध्यक्षतेखाली पाठवलेल्या समितीने नोव्हेंबर व डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानाचा दौरा केला. किमान २७ ते ४० हजार माणसे प्राणास मुकली असावीत असा तिचा अंदाज होता. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत तिने उस्मानाबादचे नाव घेतले. उरलेले तीन गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. सैनिकी अधिकाऱ्यांची शिस्त सर्वसाधारणपणे चांगली होती असे नमूद करतानाच, काही ठिकाणी सैन्यातील व पोलिसांतील माणसांनीही लुटीत आणि इतर गुन्ह्यांत भाग घेतल्याचे तिने लिहिले. या आकड्यांविषयी मतभेद आहेत आणि असू शकतात. पण मतभेद होण्यासाठी अहवाल समोर असावा लागतो. हा अहवाल प्रसिद्ध झाला नाही. अभ्यासकांना तो दिल्लीत पाहता येऊ लागला तो २०१३ च्या सुमारास.

आज ज्या जवानाला देशाच्या एखाद्या अशांत भागात स्वतःच्याच नागरिकांमध्ये बंदूक घेऊन उभे राहावे लागते, त्याला नळदुर्गच्या पुलाइतकीच या अहवालाचीही माहिती हवी. विजयी सैन्याच्या मागे काय घडू शकते आणि ते थांबवणे हे सैनिकाचेच काम कसे असते, हा धडा याच जिल्ह्याच्या मातीत लिहिला गेला आहे. तो लपवल्याने सैन्याची प्रतिष्ठा वाढत नाही. शिकवल्याने मात्र वाढू शकते.

गोवा आणि कुलपात गेलेला अहवाल

पुढील दशकात चौधरींनी सेनेच्या मुख्य कार्यालयात मोठ्या जबाबदाऱ्या सांभाळल्या आणि १९५९ मध्ये ते पुण्याला दक्षिण विभागाचे प्रमुख झाले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त करण्याची मोहीम त्यांच्या विभागाने पार पाडली. मेजर जनरल कँडेथ यांची सतरावी डिव्हिजन गोव्यात शिरली आणि १९ डिसेंबरला पोर्तुगीज गव्हर्नर जनरल शरण आला. दोन मोहिमा आणि दोन झटपट विजय यांमुळे चौधरींचे नाव सर्वतोमुखी झाले. मात्र दुबळ्या प्रतिस्पर्ध्यावर मिळवलेल्या जलद विजयात एक धोका असतो. त्यातून आत्मविश्वास मिळतो, पण परीक्षा होत नाही.

ती परीक्षा वर्षभरातच आली. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनपुढे नेफा आणि लडाखमध्ये भारतीय सेनेला माघार घ्यावी लागली. सरसेनापती थापर यांनी राजीनामा दिला आणि २० नोव्हेंबरला चौधरींनी सूत्रे हाती घेतली. त्याच सुमारास महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सोडून यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. खचलेल्या सैन्याला उभे करण्याचे काम या दोघांच्या वाट्याला आले. १९६४ च्या संरक्षण योजनेत सैन्यसंख्या सव्वाआठ लाखांपर्यंत नेण्याचे आणि डोंगरी युद्धासाठी खास डिव्हिजने उभारण्याचे उद्दिष्ट ठरले. त्या पुनर्रचनेचे श्रेय चौधरींना दिलेच पाहिजे.

पराभवाची कारणे शोधण्यासाठी चौधरींनी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ब्रिगेडियर प्रेम भगत यांची समिती नेमली. प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, हुकमतीची रचना, सैनिकांची शारीरिक क्षमता आणि सेनानायकांची योग्यता हे तिच्या विचाराचे विषय होते. समितीने १९६३ मध्ये अहवाल दिला आणि चौधरींनी आपल्या टिपणासह तो सरकारकडे पाठवला. सप्टेंबर १९६३ मध्ये चव्हाणांनी लोकसभेत त्यातील निष्कर्षांचा गोषवारा सांगितला. मूळ अहवाल मात्र गुप्त ठेवण्यात आला. युद्ध नुकतेच संपलेले, सीमा धगधगत असलेली. त्या घटकेला ही गुप्तता समजण्यासारखी होती. पण साठ वर्षे उलटली तरी तो अहवाल सरकारने अधिकृतपणे खुला केलेला नाही. २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकाराने त्याचा काही भाग प्रसिद्ध केला, तेव्हा भारतीय वाचकाला आपल्याच पराभवाची चिकित्सा परक्याच्या हातून वाचावी लागली. या युद्धाचा अधिकृत इतिहास इतिहास विभागाने १९९२ मध्ये सिद्ध केला. पुण्याचे कर्नल अनिल आठल्ये हे त्याच्या लेखकांपैकी एक. पण तोही सिद्ध झाला तेव्हा मर्यादित वापरापुरताच राहिला.

साठ्याचा हिशेब

सप्टेंबर १९६५ च्या युद्धात चौधरी सरसेनापती होते. खेमकरण भागात असल उत्तर येथे पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांची जी दाणादाण उडाली, तिच्या कथा शाळेच्या पुस्तकांतही आल्या. त्याआधी काही दिवस अत्यंत चिंतेचे होते. बियास नदीच्या मागे सैन्य घेण्याचा विचार चौधरींनी सुचवला होता आणि आपण तो मानला नाही, असे पश्चिम विभागाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल हरबक्ष सिंग यांनी पुढे लिहिले. या प्रसंगाविषयी अजून वाद आहे. मूळ कागदपत्रे वेळेवर खुली झाली असती तर वादाला इतका अवकाश राहिला नसता.

याच युद्धातील दुसरा एक प्रसंग अधिक बोधप्रद आहे. युद्धबंदीचा दबाव वाढत असताना पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी सरसेनापतींना विचारले, की युद्ध आणखी काही दिवस चालू ठेवले तर निर्णायक विजय मिळण्यासारखा आहे का. आघाडीवरील दारूगोळा बहुतांशी संपत आला आहे आणि रणगाड्यांचीही मोठी हानी झाली आहे, असे चौधरींनी सांगितल्याचे अधिकृत इतिहासात नमूद आहे. २३ सप्टेंबरला युद्धबंदी झाली. नंतर हिशेब जुळवला तेव्हा आघाडीच्या दारूगोळ्यापैकी सुमारे १४ टक्केच खर्च झाल्याचे आणि भारताकडे पाकिस्तानच्या सुमारे दुप्पट रणगाडे शिल्लक असल्याचे दिसून आले. युद्धबंदी स्वीकारण्यामागे इतरही कारणे होती. केवळ या सल्ल्यावर सारे ठरले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण एवढे खरे की वखारीतील साठ्याचा नेमका आकडा निर्णयाच्या घटकेला निर्णय घेणाऱ्याच्या हाती नव्हता. किराणा दुकानदारही शिल्लक माल मोजल्याशिवाय दुकान बंद करण्याची भाषा करीत नाही. ज्याने आयुष्य रणगाड्यांत घालवले, त्या अनुभवी सेनापतीचीही गत अशी व्हावी, यात त्याच्या व्यक्तिगत दोषापेक्षा व्यवस्थेचा दोष मोठा होता. आणि व्यवस्थेचे दोष दुरुस्त होतात ते सर्वांना समजल्यावरच. हा इतिहास १९९२ मध्ये लिहून झाला. रीतसर ग्रंथरूपाने तो बाजारात आला २०११ मध्ये. १९६५ साली विशीत असलेला शिपाई तोपर्यंत पासष्टी ओलांडून गेला होता.

या युद्धात सियालकोट आघाडीवर चौधरींची जुनी पहिली चिलखती डिव्हिजन लढली. तिच्यात पूना हॉर्स पलटण होती आणि तिचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर १६ सप्टेंबरला धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. हे तारापोर मूळचे निजामाच्या फौजेतील अधिकारी. हैदराबाद लान्सर्समध्ये त्यांची उमेदीची वर्षे गेली आणि संस्थान विलीन झाल्यावर ते भारतीय सेनेत आले. ज्या फौजेविरुद्ध १९४८ मध्ये ही डिव्हिजन नळदुर्गच्या वाटेने चालून गेली, त्याच फौजेत वाढलेल्या अधिकाऱ्याने १७ वर्षांनी याच डिव्हिजनच्या अग्रभागी राहून देशासाठी प्राण दिले. विलीनीकरण म्हणजे केवळ नकाशावरील रेघ पुसणे नव्हे, हे समजावून देण्यासाठी याहून समर्पक उदाहरण मराठवाड्यातील शिक्षकाला कोठे मिळणार?

लिहिणारा सेनापती

जून १९६६ मध्ये चौधरी निवृत्त झाले. त्यांना पद्मविभूषण मिळाले, कॅनडात भारताचे उच्चायुक्त म्हणून त्यांनी तीन वर्षे काम केले आणि त्यानंतर तेथील विद्यापीठात अध्यापनही केले. ६ एप्रिल १९८३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या कारकिर्दीतील एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. सेवेत असतानाच ते एका इंग्रजी दैनिकात स्वतःचे नाव न देता लष्करी विषयांवर लेख लिहीत. १९६६ मध्ये त्या लेखनाचे पुस्तक निघाले आणि १९७८ मध्ये त्यांनी सांगितलेले आत्मचरित्रही प्रसिद्ध झाले. लष्करी प्रश्नांवर सुशिक्षित नागरिकाने विचार करावा, असे त्यांना मनोमन वाटत होते. आणि तरीही ज्या अहवालावर त्यांनी स्वतः टिपण लिहिले, तो त्यांच्या मृत्यूपर्यंत कुलपातच राहिला. सेनापतीला लिहिण्याची हौस असून भागत नाही. कागद खुले करण्याची रीत राज्याने पाडावी लागते.

ती रीत आता कागदावर तरी आली आहे. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने ठरवले, की लष्करी दप्तरे सर्वसाधारणपणे २५ वर्षांनी खुली करावीत आणि युद्ध किंवा मोहीम संपल्यावर दोन वर्षांत समिती नेमून तिचा इतिहास पाच वर्षांच्या आत सिद्ध करावा. हे धोरण स्वागतार्ह आहे. परंतु जुन्या युद्धांच्या दप्तरांचा विचार प्रत्येक प्रकरणी स्वतंत्रपणे व्हायचा आहे, म्हणजे कुलपाची किल्ली अद्याप जुन्याच हातांत आहे. शिवाय दप्तर खुले झाले तरी ते इंग्रजीत आणि दिल्लीत. उमरग्याच्या किंवा परंड्याच्या तरुण जवानापर्यंत ते कसे पोहोचणार?

कोणी म्हणेल, शिपायाला इतिहास कशाला हवा? त्याचे काम हुकूम पाळण्याचे. या आक्षेपाला उत्तर नळदुर्गनेच दिले आहे. पहाटेच्या अंधारात समोरून येणारी वाहने अडवण्याचा निर्णय सेनापतीने नव्हे, एका हवालदाराने घेतला. असल उत्तरला पॅटन रणगाडे टिपणारे अब्दुल हमीद हेही हवालदारच होते. रणांगणावरील निर्णायक क्षण पुष्कळदा खालच्या दर्जाच्या माणसाच्या हाती येतो. त्याच्यापाशी पूर्वीच्यांचा अनुभव असेल तर त्या क्षणी तो उपयोगी पडतो. केवळ अभिमान असेल तर तो तेवढ्याने पुरत नाही. २०२२ पासून सुरू झालेल्या अग्निवीर योजनेत तर बहुसंख्य तरुणांची सैन्यातील सेवा चार वर्षांचीच आहे. जुन्या पलटणीत वडीलधाऱ्या सुभेदारांच्या तोंडून वर्षानुवर्षे जे झिरपत येई, ते इतक्या थोड्या काळात आपोआप झिरपणार नाही. ते शिकवावे लागेल, आणि शक्यतो भरतीपूर्वीच.

त्यासाठी सारे दिल्लीवर सोपवण्याचे कारण नाही. १३ सप्टेंबरला जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या छात्रसेना तुकड्यांनी नळदुर्गला जावे, बोरीच्या पुलाजवळ उभे राहून नकाशा उलगडावा आणि त्या पहाटेची लढाई इतिहासाच्या शिक्षकाकडून समजून घ्यावी. भरतीपूर्व प्रशिक्षण देणाऱ्या वर्गांनी धावण्याच्या आणि गणिताच्या तासांबरोबर आठवड्यातून एक तास १९४७ नंतरच्या युद्धांना द्यावा. हैदराबाद मोहिमेचा अधिकृत इतिहास पाऊणशे पानांच्या सोप्या मराठी पुस्तिकेत आणण्याचे काम एखादे विद्यापीठ किंवा जिल्हा ग्रंथालय सहज करू शकेल. त्या पुस्तिकेत पुलाचा विजय असावा, बचित्तर सिंगांचे बलिदान असावे, तारापोरांची कथा असावी आणि सुंदरलाल समितीचा अहवालही असावा.

जनरल चौधरींचे मोठेपण त्यांच्या चुका झाकल्याने वाढणार नाही आणि त्या सांगितल्याने कमीही होणार नाही. त्यांनी मराठवाड्याला निजामी राजवटीतून सोडवले, जहागिरी मोडल्या, खचलेले सैन्य उभे केले. आणि एका मोक्याच्या क्षणी अपुऱ्या माहितीवर सल्ला दिला. हा सारा जमाखर्च एकत्र मांडला तरच पुढच्या पिढीला त्यातून काही घेता येईल. धाराशिवचा तरुण उद्या वर्दी चढवून लडाखला जाईल तेव्हा त्याच्यापाशी पूर्वजांच्या पराक्रमाचा अभिमान असेलच. त्याच्या जोडीला त्यांच्या अनुभवाची शिदोरीही त्याला बांधून देणे, हे मागे राहिलेल्या शिक्षकांचे, ग्रंथपालांचे आणि नागरिकांचे कर्तव्य आहे. येत्या १३ सप्टेंबरला नळदुर्गपासून त्याचा आरंभ करता येईल.